पाट्याखालचं मडकं

मित्रांनो, जरा थांबा. आत्ता ज्याच्यावर तुम्ही चिखलाचा पाय पुसलात, तो मी. रागावलो नाही हो, पायरीवर पाय पुसायचेच असतात. पण मी काही जन्मापासून पायरी नव्हतो. मी एक जुना पाटा आहे. वाकून बघितलंत तर माझ्या अंगावर टाकीचे टोचे दिसतील, आणि कडेच्या खाचेत हळदीचा पिवळा डाग. इतके पावसाळे गेले, तो डाग काही जात नाही. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते. पण तुमच्या घरात कोणी रोज सकाळी मेथीचा कडू गोळा गिळत असेल, तर त्याच्यासाठी ती सांगितलीच पाहिजे.

मी मूळचा दरेकशाच्या डोंगरातला. तिथल्या एका पाथरवटाने मला खडकातून काढलं, तासलं, एक टोक जरा उंच ठेवलं आणि जोडीला वरवंटा घडवला. मग आगगाडीत टाकून गोंदियाच्या बाजारात आणलं. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीची ही गोष्ट. बाजारात बिरसी गावच्या सुंदरबाई आल्या. त्यांनी मला नखाने खरवडलं, ओल्या बोटाने घासलं, भुकटी निघते का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हा दगड इमानी दिसून राहिला." तो शब्द मला पुढे फार टोचला.

सुंदरबाई म्हणजे हुकुमचंद पाटलांच्या पत्नी. घर पोवारांचं, पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले. घरात ते पोवारी बोलत, पण मी त्यांचं बोलणं गावच्या झाडीबोलीत सांगतो, म्हणजे तुमचं अडणार नाही. धानाची शेती चांगली होती, पण पाटलांचा खरा जीव बैलांत. बैलांना पेंड घातल्याशिवाय ते स्वतः ताटावर बसत नसत. पोळ्याला गावच्या तोरणाखाली पहिली उभी राहायची ती त्यांची जोडी. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे आणि "उद्या जेवायला या" असं त्यांना आवतण द्यायचं. ती हळद माझ्यावर वाटली जायची, म्हणून त्या दिवशी मला पण आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

ते दिवस सुखाचे होते. जवसाची चटणी, लाखोरीची डाळ, ओली मिरची, काय काय वाटलं माझ्यावर. वाटताना बाया स्वतःशी बोलतात असं लोक म्हणतात. खरं म्हणजे त्या आमच्याशी बोलतात. सुंदरबाईंच्या मनातलं जेवढं मला कळलं तेवढं पाटलांनाही कळलं नसेल.

मग पाटलांना आजार लागला. तहान भागेना. घागर संपली तरी घसा कोरडाच. अंगावरचं मांस उतरलं आणि गोठ्यामागे ते जिथे लघवीला बसत तिथे मुंग्यांची रांग लागली. ही गोष्ट लपते थोडीच. गावात कुजबुज झाली, कोणी तोंडावर पदर धरून हसलंही. सुंदरबाईंनी त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, भात मोजून खायला सांगितला आणि रोज एक सुई टोचून घ्यायला सांगितली.

सुंदरबाईंनी विचारलं, मेथी दिली तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, "जरूर द्या. मेथी द्या, हळद द्या, चिमूटभर दालचिनी द्या. खाल्लेल्या भाताची साखर अंगात जरा सावकाश चढते, सूज उतरायला हातभार लागतो. त्या कडूपणात काहीतरी आहे खरं, उद्या कोणी शोधून ते वेगळं काढेलही. पण बाई, मेथी म्हणजे हाताखालचा गडी. नांगर सुईच धरणार." हे सगळं सुंदरबाईंनी मला वाटता वाटता कितीदा तरी ऐकवलं, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो सुई कशी भरायची ते दाखवणाऱ्या माणसाच्या एका वाक्याने. तो बाटली हातात देताना सहज बोलून गेला, "ये दवा बैल के पेट की गिल्टी से बनती है, पटेल." त्या काळी हे औषध जनावरांच्याच पोटातल्या ग्रंथीतून काढत. त्या बिचाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. पण पाटलांनी बाटली तिथेच खाली ठेवली आणि गाडीत येऊन बसले. सुंदरबाईंनी ती उचलून गुपचूप कमरेला खोचली.

पाटील सुई घेईनात. पुढे एक दिवस बांधावरच कोसळले. घरी आणलं तेव्हा श्वासाला सडत आलेल्या पेरूसारखा वास येत होता. तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आले तोवर डॉक्टरांनी त्यांना विचारल्याशिवाय सुई देऊन टाकली होती आणि त्या सुईनेच ते वाचले होते. आता नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. घरी आल्यावर ते सुंदरबाईंना म्हणाले, "घेतो मी. पण हे कोणाले समजता कामा नाई. पोळ्याले ज्याच्या पाया पडतो, त्याच्याच पोटातलं औषध मी टोचून घेऊन राहिलो. लोकांले समजलं तं तोरणाखाली कोणतं तोंड घेऊन उभा राहू?"

बाटली थंड जागी ठेवायला सांगितली होती. स्वयंपाकघरात पाण्याच्या रांजणाजवळची जमीन सदा ओलसर, आणि मी तिथेच असायचो. सुंदरबाईंनी तिथे खड्डा केला, त्यात ओल्या वाळूचं मडकं बसवलं, मडक्यात फडक्यात गुंडाळलेली बाटली ठेवली, वर फळी, आणि फळीवर मी. समजलं ना? त्या लपवालपवीचं झाकण मी होतो.

रोज सकाळी दार लागायचं. सुंदरबाई मला बाजूला सारायच्या, बाटली काढायच्या, उकळलेली सुई भरून पाटलांच्या मांडीत द्यायच्या. मग मला जागेवर ठेवून भिजवलेली मेथी, हळद आणि दालचिनी वाटायच्या. दार उघडायचं आणि पाटील पिवळ्या गोळ्याची वाटी घेऊन ओसरीवर बसायचे. तोंड वाकडं करत, सगळ्यांना दिसेल असा तो गोळा खायचे.

पाटील सुधारले. गालांवर मांस आलं, चालणं पूर्वीसारखं झालं. लोक विचारायला लागले, "पाटील, कायनं बरे झाले जी?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते जरा अडखळले. मग म्हणाले, "मेथीनं. दुसरं काय." एकदा बोलून गेल्यावर मागे फिरता येईना. हळूहळू ते सांगण्यात रंगायलाही लागले. मेथी किती भिजवायची, हळद कुठली घ्यायची, सगळं साग्रसंगीत.

आणि लोकांनी काय केलं माहीत आहे? बंद दाराचाही अर्थ लावला. औषध वाटताना कोणाची नजर पडू नये, म्हणून पाटलीणबाई दार लावतात, असं ठरलं. गावातल्या बाया आपापल्या घरी दार लावून मेथी वाटायला लागल्या. सावित्रीबाई म्हणून एक शेजारीण होती, तिने तर मला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. म्हणाली, "मेथी तं सगळ्यांच्याच घरी हाय. गुण हाय तो या पाट्यात." मित्रांनो, कामाचं कौतुक कोणाला नको असतं? पण माझ्या पोटाखाली ते मडकं होतं. बरं करणारं खाली अंधारात आणि फूल माझ्या डोक्यावर. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की वरवंट्याकडेही बघवेना.

माझी मेथी खोटी नव्हती, हे मात्र मी छातीठोक सांगतो. ती आपलं काम करत होती, हळदही करत होती. हाताखालच्या गड्याने जेवढं करायचं तेवढं दोघींनी केलं. खोटं होतं ते इतकंच, की सगळं त्यांनी एकट्यांनी केलं.

पाटलांच्या शेजारी बकारामभाऊ राहायचे. कुणबी माणूस, दुसऱ्याची जमीन ठेक्याने घेऊन धान करायचे. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आणि मळणीला दोन्ही घरांचे हात एकमेकांच्या शेतात असत. त्यांनाही हाच आजार निघाला होता आणि डॉक्टरांनी त्यांनाही सुईच सांगितली होती. त्यांची बायको देवकाबाई त्यांना धाक घालून ती घ्यायला लावायच्या. एका सकाळी बकारामभाऊ ओसरीवर आले. सुई देऊन झाली होती, मधलं दार त्या दिवशी उघडंच राहिलं होतं, सुंदरबाई माझ्यावर वाटत होत्या.

"पाटील, एक विचारू का जी?" बकारामभाऊ म्हणाले. "तुमचं मेथीनंच जमलं. मग मी ते सुई कायले टोचून घेऊन राहिलो? बंद करू का?"

सुंदरबाईंचे हात माझ्यावर थांबले. मी वाट बघत होतो. त्या वाट बघत होत्या. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि पाटलांनी तिकडे पाहिलं.

"तुझं तू पाहा, बकाराम," ते म्हणाले. "मी आपली मेथी घेऊन राहिलो."

यात खोटा शब्द एकही नव्हता. म्हणून तर ते जास्त वाईट. बकारामभाऊंनी हात जोडले आणि गेले. सुंदरबाई त्या दिवशी वाटत राहिल्या, वाटत राहिल्या, मेथीचं पार पाणी झालं तरी थांबल्या नाहीत. पाटील गोळा न खाताच शेतात गेले.

बकारामभाऊंनी सुई सोडली. काही दिवस बरे गेले, पुढे तहान परत आली, पण मेथीला वेळ लागतो म्हणून ते थांबले. मग रोवणी आली. चिखलात त्यांच्या पायात काहीतरी घुसलं, बहुतेक बोरीचा काटा. त्यांना कळलंच नाही. या आजारात पायाची जाणीव जाते, हे त्यांना कोण सांगणार? घरी आल्यावर देवकाबाईंनी चिखल धुतला तेव्हा जखम दिसली. त्यांनी हळद-मेथीचा लेप बांधला. रोज विचारायच्या, "दुखते का?" ते म्हणायचे, "नाई, अजिबात नाई." दुखत नाही म्हणजे बरं होऊन राहिलं, असं दोघांनी धरलं. जखम आत आत जात होती आणि दोघं एकमेकांना धीर देत होती.

पण लेप बदलताना देवकाबाईंना वास यायला लागला. एक दिवस त्या सुंदरबाईंकडे आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. "बाई, मी दार लावून वाटते, तुमच्यासारखीच वाटते. तरी काऊन गुण येत नाई? तुमचा पाटा नेऊ का दोन-चार दिवस? नाई म्हणू नका जी."

"उद्या ने," एवढंच सुंदरबाई म्हणाल्या. देवकाबाई गेल्यावर त्यांनी मडकं उकरून धान्याच्या कोठीमागे लपवलं आणि खड्डा लिंपून टाकला. दुसऱ्या दिवशी देवकाबाईंनी चुंबळ केली आणि मला डोक्यावर घेतलं. वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही. जो भेटेल त्याला सांगत होत्या, पाटलाच्या घरचा पाटा आणला म्हणून. आपण कोणाच्या डोक्यावर बसलो आहोत, हे मला कळत होतं. त्या वाटेवर फुटून दोन तुकडे व्हावेत असं मला वाटलं, पण दगड इमानी निघाला, फुटला नाही.

त्यांनी मला देवापुढे ठेवलं, उदबत्ती लावली. मग मेथी आणि हळद वाटून बकारामभाऊंचा पाय माझ्यासमोरच सोडला. अंगठा काळा पडला होता. त्याच्या मागचा पाय सुजून चकचकीत झाला होता. "पाहा, दुखत नाई," बकारामभाऊ बोटाने दाबून दाखवत होते आणि हसत होते. मी ते हसणं विसरलो नाही.

आणि पोळा आला. खांदेमळणीच्या संध्याकाळी सुंदरबाई देवकाबाईंकडे हळद वाटायला आल्या, त्यांचा पाटा मीच ना. त्यांनी तो पाय पाहिला. हळद न वाटताच घरी गेल्या, खांद्यांपुरती ती मग दुसऱ्या घरून आणली म्हणे. घरात काय झालं ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पाटलांचीच जोडी पहिली उभी राहिली. पोळा फुटला आणि बैल घरोघर निघाले. बकारामभाऊंना जाता आलं नव्हतं, म्हणून पाटील आपली जोडी घेऊन आधी त्यांच्याच दारात आले. मागे डफडं, मागे सारं गाव. देवकाबाईंनी बैलांचे पाय धुतले. बकारामभाऊ ओसरीवर भिंतीला धरून बसले होते, पूजेसाठी देवापुढून आणून ठेवलेला मी शेजारीच. त्यांनी बसल्या जागेवरून बैलांना कुंकू लावलं, मग वळून माझ्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "पाटील, तुमच्या पाट्याचे उपकार जी. दुखणं तं पार गेलं."

वारा त्यांच्याकडून पाटलांकडे वाहत होता. तो वास पाटलांना आला. ते कासरा धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून सुंदरबाई पुढे आल्या. पदराखालून त्यांनी ते मडकं काढलं आणि माझ्यावर, अगदी मधोमध ठेवलं.

"आता तुम्ही सांगता का मी सांगू?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी डफडं थांबलं.

पाटलांनी डोक्यावरचा फेटा काढला. "बकाराम, मी मेथीनं बरा नाई झालो," ते म्हणाले. "मेथी खात होतो, पण सुईनं जगलो. रोज घेऊन राहिलो सुई. या मडक्यात हाय औषध. बैलाच्या पोटातून निघते ते. मले लाज वाटली. तू विचारलं तेव्हा मी बैलाकडे पाहिलं आन् चूप राहिलो."

बकारामभाऊ मडक्याकडे बघत होते, जणू त्यात काय आहे ते त्यांना अजून कळलं नव्हतं. देवकाबाईंना कळलं. त्या पाटलांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमची लाज मोठी होती जी," त्या म्हणाल्या. "आमच्या घराएवढी मोठी होती."

पाटलांनी बैलांच्या शिंगांचे बेगड आणि पाठीवरच्या झुली काढल्या आणि बकारामभाऊंची गाडी पुढे ओढली. मित्रांनो, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्या भागात तर त्या दिवशी बैलाला हाकही मोठ्याने मारत नाहीत. बिसराम नावाचे म्हातारे पुढे होऊन म्हणाले, "पाटील, आज नाई. आज पाप लागते." पाटील म्हणाले, "लागू द्या." कालच हळद-तुपाने मळलेल्या खांद्यांवर त्यांनी जू ठेवलं, बकारामभाऊंना उचलून गाडीत निजवलं, देवकाबाईंना बसवलं आणि गोंदियाची वाट धरली. काही लोकांनी तोंडं फिरवली. गाडी वळली तेव्हा मला पाटलांची पाठ दिसली, ती हलत होती.

पाय गेला. गुडघ्याखाली कापावा लागला. पण बकारामभाऊ जगले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर माणूसच हाती लागला नसता.

त्यानंतर पाटील उघड्या ओसरीवर बसून सुई घेऊ लागले, आणि मग मेथी. पाटा मात्र आता सुंदरबाईंनी दुसरा आणला होता. पुढच्या पोळ्याला त्यांची जोडी तोरणाखाली शेवटी उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, ते आपणहून मागे गेले. मला परत मागायला मात्र ते कधी आले नाहीत. देवकाबाईंना माझ्यावर काही वाटवेना. त्यांनी मला उचलून दाराबाहेर टाकलं, आणि पावसात मी तिथेच पडून राहिलो. बरोबरच केलं त्यांनी.

मग एकदा बकारामभाऊंची कुबडी ओल्या दारात घसरली. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारी बाई गावात आली तेव्हा देवकाबाईंनी तिला हाक मारली. मला दारासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "याच्यावर टाकी मारून दे. खरबरीत कर, चांगलं." तिने मला पुन्हा टोचलं. वाटण्यासाठी नाही, कुबडी घसरू नये म्हणून. इतक्या वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

पाटील रोज सकाळी यायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेला पाय रोज बघायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पाटील माझ्यावर उकिडवे बसायचे, बकारामभाऊंचा पाय मांडीवर घ्यायचे, धुवायचे, पुसायचे, निरखायचे. बकारामभाऊ तोंड दुसरीकडे करून बसायचे. असे किती दिवस गेले, कोणी मोजले नाहीत.

मित्रांनो, मेथी खा, हळद खा, त्यांना नावं ठेवू नका. त्या मदतीला धावून येणाऱ्या आहेत. पण डॉक्टरांचं औषध त्यांच्या नावावर खपवू नका, आणि ते सोडून तर मुळीच देऊ नका. ज्याने वाचलात त्याचं नाव घ्यायला लाजू नका. आणि दुखत नाही म्हणून पाय बघायचं टाळू नका.

यंदा आपलं महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या थोडं आधीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. सकाळची वेळ होती. पाटील नेहमीप्रमाणे पाय बघत होते. बकारामभाऊ एकाएकी म्हणाले, "उजेडाकडे करा, पाटील. तिकडून नीट दिसत नाई."

पाटलांनी पाय उजेडाकडे केला. बघून झाल्यावर उठायला लागले, तर बकारामभाऊंनी कुबडी आडवी धरली.

"बसा," ते म्हणाले. "आता तुमचा दाखवा."

पाटलांनी चप्पल काढली आणि आपला पाय माझ्यावर ठेवला.